ऑर्चर्ड पॉइंटचा पहिला हुकूम

"अधिकाऱ्यांनो, खलाशांनो, आपल्या जहाजावर चढा आणि त्याच्यात प्राण भरा!"

एवढंच वाक्य. शाळेतल्या पोरानंही एका दमात म्हणावं असं. पण कोरीन पेल आठवडाभर ते आरशासमोर म्हणत होती आणि आठवडाभर 'चढा' म्हटलं की ती अडखळत होती.

नवं लढाऊ जहाज अमेरिकेच्या आरमारात दाखल होतं त्या दिवशी त्याचे सगळे खलाशी धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत उभे असतात. जहाजाची मानलेली आई माईकसमोर येते आणि हा पहिला हुकूम सोडते. मग पोरं-पोरी धावत शिडीवरून वर जातात, बँड वाजतो, भोंगे वाजतात, आणि खालच्या खुर्च्यांवर खऱ्या आया डोळे पुसतात. ही मानलेली आई आधीच नेमलेली असते. तिच्या नावाची आद्याक्षरं तळाच्या पत्र्यावर वेल्डिंगनं कोरतात, म्हणजे जहाज बुडेपर्यंत ती त्याच्या पोटात राहतात. 'ऑर्चर्ड पॉइंट'च्या पोटात कोरीनची अक्षरं होती. राष्ट्राध्यक्षांची मुलगी हाताशी असताना दुसरी बाई कोण शोधत बसणार?

आणि खरं सांगायचं तर हे जहाज तिचंच होतं. तिनं मागितलेलं.

आरमाराला ते नकोच होतं हो! आरमारवाले हात जोडून सांगत होते, या जातीची जहाजं पुरे झाली, आम्हाला पैसे दुसरीकडे द्या. पण ती बांधायचा कारखाना जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पेल घराण्याचा, आणि पेल घराण्याचा मोठा मुलगा ग्रेडी म्हणजे कोरीनचा नवरा. तीन वर्षांपूर्वी ग्रेडीनं रात्रीच्या जेवणात तिला गळ घातली होती. "तुझे डॅड तुझं ऐकतात, कोरी. यार्डात कामच उरलं नाही तर अख्खं गाव बसेल. नुसतं बोलून तर बघ."

ती बोलली. राष्ट्राध्यक्ष हार्लन ऑस्ट्रँडर दर रविवारी घरच्यांसाठी स्वतः वॉफल भाजायचे, पोटावर एप्रन बांधून. त्या टेबलावर मंत्र्यांना जागा नव्हती, सेनापतींना नव्हती. जागा होती ती मुलीला, जावयाला आणि नातवाला. कोरीननं लोणी पुढं सरकवता सरकवता म्हटलं, "डॅड, ती जहाजं एकदम नका ना बंद करू. चार तरी राहू द्या." म्हाताऱ्यानं वॉफल उलटलं आणि म्हणाला, "बरं." बास. आरमाराच्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी वर्षभर कागद नाचवून जे बंद करत आणलं होतं, ते सिरपची बाटली टेबलाभोवती फिरून येईपर्यंत पुन्हा सुरू झालं. पुढं संसदेत भाषणं झाली, मतदान झालं, सगळं रीतसर. कोरीनला तेव्हा अभिमानच वाटला होता. गाव वाचवलं मी, असं.

मग तिच्या मुलानं, डेक्लननं, आरमारात नाव घातलं. अधिकारी नाही, साधा खलाशी, इंजिनरूममधला. आजोबांना ते फारच आवडलं. निवडणुकीच्या वर्षात नातू हात तेलात बुडवून काम करतोय, याहून चांगला फोटो कुठला? आणि नेमणूकही झाली ती ऑर्चर्ड पॉइंटवर. आईचं जहाज, बापाचा कारखाना, आजोबांचं आरमार. घरातली आमटी घरातच.

कोरीनला पहिल्यांदा भीती वाटली ती जुलैमध्ये. जहाजाची मानलेली आई म्हणून ती जहाज बघायला गेली होती. कप्तान होत्या कमांडर हॉल्स्टन, बारीक चणीच्या, केस करकचून मागं बांधलेल्या. चहा-केक झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, खाली येता का जरा? फोटोवाले नकोत."

मागच्या इंजिनरूमच्या दाराशी त्या थांबल्या. दार जाडजूड, पोलादी. चौकटीवर पहारीचे ओरखडे होते, त्यांच्यावर नवा राखाडी रंग फासलेला.

"चाचणीला समुद्रात गेलो होतो," हॉल्स्टन म्हणाल्या. "इथं आग लागली. लहानशी. लागते कधीकधी. आग विझवायचा वायू सोडला, तो पुढच्या खोलीत गेला, इथं आलाच नाही. आणि उष्णतेनं हे दार फुगून बसलं चौकटीत. आत दोघं जण होते. आम्ही बाहेरून पहारी लावल्या. एकाला अजून बोलताना धाप लागते."

"आणि दुसरा?"

कमांडरबाईंनी तिच्याकडं बघितलं. "म्हणजे त्यानं तुम्हाला सांगितलंच नाही? दुसरा तुमचा मुलगा होता, मॅडम."

कोरीननं दाराला हात लावला. पत्रा गार होता, तरी तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. चाचणीहून परत आल्यावर डेक्लनचा तिला फोन आला होता की! भाजलेल्या शेंगा खात होता, हसत होता, "सगळं मस्त, मॉम," म्हणाला होता.

"तुम्ही वर कळवलंत ना?" तिनं विचारलं.

"पाच वेळा. उत्तर येतं, नोव्हेंबरनंतर बघू." हॉल्स्टन म्हणाल्या. "नोव्हेंबरात कुणाची निवडणूक असते ते मी तुम्हाला काय सांगणार? आणि आम्ही ऑक्टोबरात निघतोय. लांबच्या समुद्रावर."

त्यानंतर कोरीनला झोप लागेना. स्वयंपाकघरात टोस्ट जरा करपला तरी ती दचकून उठायची. ग्रेडीला विचारलं तर तो चिडला. "प्रत्येक नव्या जहाजात बारीकसारीक असतंच. आता बोंबाबोंब केलीस तर यार्ड बंद, तुझे डॅड घरी, आणि आपण दोघं कोर्टात. चालेल तुला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "डेक्लनचं बघू आपण काहीतरी."

डेक्लनचं बघू! तिच्याही मनात तेच होतं, खोटं कशाला बोलायचं? जहाजावर एकूण शंभराच्या आसपास माणसं, पण रात्री डोळे मिटले की तिला दाराआड एकच चेहरा दिसायचा.

पुढच्या रविवारी ती सकाळीच वडिलांकडं गेली. म्हातारा एप्रन बांधून पीठ ढवळत होता. घरचं दुसरं कुणी अजून आलं नव्हतं.

"डॅड, मला काहीतरी मागायचंय."

"माहितीय," तो म्हणाला. मागं वळून बघितलं नाही. "झालंय ते."

"काय झालंय?"

"डेक्लनचं. शुक्रवारी सही झाली. कॅलिफोर्नियातल्या प्रशिक्षण केंद्रात जाईल. जमिनीवर. कुणाला काही कळायचं नाही, रुटीन बदली आहे." त्यानं साच्यात पीठ ओतलं, झाकण दाबलं. "तू काय समजलीस, मी माझ्या नातवाला त्या डब्यात ठेवीन?"

त्या डब्यात. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. दार, वायू, पहारी, सगळं. कोरीनच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याच क्षणी छातीवरची धोंडही उतरली, आणि ती उतरली म्हणून तिला स्वतःचीच किळस आली.

"मग बाकीच्यांचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"दुरुस्त करायचं म्हणजे जहाज पुन्हा कापायचं, कोरी. जॉर्जियात आम्ही मतांमध्ये केसभर पुढं आहोत. पेपरवाले काय लिहितील? जावयाच्या कारखान्यात राष्ट्राध्यक्षांनी भंगार बांधलं. तू मागितलंस, मी दिलं. आता निवडणुकीपर्यंत देवावर सोड." मग तो वळला, तिच्या गालाला पिठाचा हात लावला. मुलीवर जीव होता त्याचा, त्यात खोट नव्हती. "मुलगा तर सुटला ना तुझा?"

"थँक यू, डॅड," ती म्हणाली.

आणि वॉफल खाल्लं तिनं. सगळं संपवलं.

मोठ्या घरांत राहणाऱ्यांचा एक समज असतो, की आपण हळूच केलेली गोष्ट हळूचच राहते. वॉशिंग्टनमध्ये राहत असेलही. पण लहान जहाजावर कोण कुठल्या पलंगावर झोपतो, कोण घोरतो, कुणाचा मोजा हरवला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. राष्ट्राध्यक्षांच्या नातवाची पिशवी बाहेर गेली आणि दुपारच्या जेवणाच्या आत अख्खं जहाज चिडीचूप झालं. पत्र्यावरचे ओरखडे रंगानं झाकता येतात. रिकामा पलंग कसा झाकणार?

डेक्लनचा फोन आला तो रडकुंडीला येऊन. "मॉम, मला परत पाठव. सगळे माझ्याकडं कसे बघत होते माहितीय? कुणी शिवीपण दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"तू मला सांगितलं का नाहीस, आगीचं?"

"सांगून काय? तू घाबरली असतीस."

"मग आत्ता काय करतेय मी?"

तो म्हणाला, "गंमत बघ. मी होतो तोवर रोज कुणीतरी बडा साहेब येऊन त्या दाराकडं बघून जायचा. यार्डातला, आरमारातला. टेपबिप लावून मापं घ्यायचे. मी निघालो त्या दिवसापासून एक जण फिरकला नाही म्हणे. कमांडरनंच सांगितलं."

कोरीननं फोन ठेवला, पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी धक्क्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. निळे-लाल पडदे, झेंडे, प्रचाराच्या टोप्या, उकडलेल्या शेंगांच्या गाड्या. ऑर्चर्ड पॉइंट नव्या रंगात चकाकत उभं होतं. खलाशी दोन रांगांत ताठ. आणि डेक्लनला कुठं बसवलं होतं? वर व्यासपीठावर, आजोबांच्या शेजारी, गणवेशात, फोटोसाठी! पोरगं मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडं बघत होतं.

कोरीन पायऱ्या चढायला निघाली तेवढ्यात कुणीतरी तिचा हात धरला. सुरक्षावाले पुढं झाले, पण हात एका जाड्या, घामेजलेल्या बाईचा होता. फुलाफुलांचा झगा, छातीवर जहाजाचा बिल्ला.

"मॅडम, मी व्हर्ना टिडवेल. आर्कान्सासवरून आलेय, अख्खा दिवस गाडी चालवत. माझी मार्ली तुमच्या डेक्लनच्या जागी आलीय बघा!" बाई आनंदानं फुलली होती. "त्याचाच पलंग मिळालाय तिला. चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालं माझं. ती बघा, दुसऱ्या रांगेत, कान जरा बाहेर आलेत ती. बापाचे कान घेतलेत मेलीनं."

कोरीननं बघितलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, टोपीखाली कान लाल झालेले.

"छान आहे," ती म्हणाली.

"एक सांगू का, मॅडम? रागावू नका हं." व्हर्नानं आवाज खाली आणला. "काल फोनवर रडत होती. म्हणे, तो का गेला ते कुणी बोलत नाही आणि सगळे दाराकडं तोंड करून झोपतात. मी म्हटलं, येडे, ज्या बाईनं जहाजाच्या पोटात स्वतःचं नाव कोरून घेतलंय ती तुला भलत्या ठिकाणी चढवेल होय? तीपण आईच आहे ना?" बाईनं तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. "बरोबर सांगितलं ना मी?"

कोरीनला वाटलं, इथंच खाली बसावं. सुरक्षावाल्यांनी तिला हळूच पुढं नेलं, आणि व्हर्ना टिडवेल मागून हात हलवत राहिली.

भाषणं झाली. ॲडमिरल बोलला, ग्रेडी बोलला, म्हातारा बोलला. देश, सामर्थ्य, जॉर्जियाचे कामगार हात. टाळ्या, टाळ्या. मग कमांडर हॉल्स्टन पुढं आल्या, सलाम ठोकला आणि कोरडेपणानं म्हणाल्या, "मॅडम, पहिला हुकूम द्यावा."

कोरीन माईकसमोर उभी राहिली. तिनं माईकचा दांडा धरला. समोर दोन रांगा. सगळे तिच्याकडं बघत होते, मार्लीही. ही पोरं आपल्या एका शब्दावर त्या दाराआड जाणार. तिला धूर दिसला, पहारी दिसल्या, आणि त्या कानवाल्या पोरीला कोण ओढून काढणार? कुणी नाही. तिचा आजोबा कोणी नाही. तिच्यासाठी कुठला साहेब टेप घेऊन येणार?

आणि तेव्हा तिला काय करायचं ते कळलं, आणि ते कळल्यावर तिला जी भीती वाटली तिच्यापुढं आधीची सगळी भीती म्हणजे काहीच नव्हती.

ती वळली. डेक्लननं मान वर केली. आई त्याच्याकडं बघत होती, नुसती बघत होती. त्याला काय समजलं देव जाणे. पण पोरानं हळूच मान हलवली, हो म्हणून.

"हुकूम देण्याआधी एक आनंदाची बातमी सांगते," कोरीन म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तिनं सावरला. "माझा मुलगा डेक्लन आजपासून याच जहाजावर परत रुजू होतोय. मागच्या इंजिनरूममध्ये. मार्ली टिडवेलच्या बरोबरीनं. ऑक्टोबरात जहाज निघेल तेव्हा तोही निघेल. राष्ट्राध्यक्षांच्या घरानं असंच ठरवलंय. बरोबर ना, डॅड?"

काय गर्जना झाली म्हणता! टोप्या उडाल्या, बँडवाल्यांनी विचारल्याशिवाय ढोल बडवला. शंभर कॅमेरे म्हाताऱ्याकडं वळले. तो उठला, हसला, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवण्यात त्याची हयात गेली होती. पण जवळ उभ्या असलेल्या कोरीनला दिसलं, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालाय.

डेक्लन टोपी सरळ करून पायऱ्या उतरला होताच. रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शेजारच्या पोरानं त्याला कोपर मारलं, जोरात. डेक्लन हसला.

म्हातारा मुलीला मिठी मारायला आल्यासारखा जवळ आला. हात माईकवर ठेवला. "वेड लागलंय का तुला? तुझा मुलगा आहे तो!"

"माहितीय. मरणाची घाबरलेय मी." ती त्याच्या कानाशी बोलत होती, ओठ हसरे ठेवून, जशी तिला लहानपणापासून सवय होती. "आता तुम्हीपण घाबरा, डॅड."

"मी त्याला उद्या पुन्हा काढीन."

"काढा. सगळ्यांनी ऐकलंय आत्ता. उद्या काढलंत तर परवा अख्खा देश विचारेल, का?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग त्या रांगेच्या टोकाकडं बघितलं. नातू छाती काढून उभा होता, बापजन्मात मिळालं नव्हतं असं काहीतरी मिळाल्यासारखा. खाली हजारो लोक हुकमाची वाट बघत होते. कोरीन माईककडं वळली नाही. ती वडिलांसमोरच उभी राहिली, हात बांधून. गर्दीतला गोंगाट हळूहळू कमी व्हायला लागला, लोक माना उंचावून बघायला लागले.

शेवटी म्हाताऱ्यानं ॲडमिरलला बोट हलवून जवळ बोलावलं. "ते मागचं दार. आणि तो वायूचा प्रकार. किती दिवस लागतील?"

ॲडमिरल गडबडला. "सर, आपणच म्हणाला होतात, नोव्हेंबरनंतर…"

"मी काय म्हणालो होतो ते मला माहितीय. आत्ता विचारतोय."

"सात-आठ महिने. जहाज धक्क्यालाच ठेवावं लागेल. बातमी फुटणारच, सर."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. तो हिशेब करत होता की प्रार्थना, कुणास ठाऊक. जॉर्जिया गेलं तर सगळंच गेलं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

"ठेवा धक्क्याला," तो म्हणाला. "दुरुस्त होईपर्यंत दोरही सोडायचा नाही." मग त्यानं कोरीनचा खांदा थोपटला, कॅमेऱ्यांसाठी, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "रविवारी येऊ नकोस. यापुढं कधीच."

कोरीननं मान हलवली. ग्रेडीही तिच्याकडं बघत नव्हता. ती माईकपाशी गेली.

"अधिकाऱ्यांनो, खलाशांनो," ती म्हणाली, आणि या खेपेला आवाज चिरकला तो तिनं सावरला नाही, "आपल्या जहाजावर चढा आणि त्याच्यात प्राण भरा!"

रांगा फुटल्या. पांढरे कपडे धडधडत शिडीवरून वर गेले. डेक्लन कोणता आणि मार्ली कोणती ते तिला ओळखू येईना. खाली व्हर्ना टिडवेल दोन्ही हात वर करून नाचत होती. कोरीन जहाजाचे दोर बघत होती. जाड, ओले दोर, धक्क्याच्या खुंट्यांना घट्ट गुंडाळलेले. सोहळा संपून माणसं पांगली तरी ती तिथंच उभी होती, ते दोर बघत.